हाक गिळायच्या आत

गोजरबाई : हलू नका म्हन्ते मले, अन् असल्या खड्ड्यायच्या रोडवरून नेते! मी हलून राह्यली का? हा जाकीर हलवून राह्यला.

जाकीर : मावशी, रोड काय मी बनवला? संग्रामपूर सोडल्यापासून असाच हाय. तुमच्यासाठी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही मी. लोकं हॉर्न मारून मारून शिव्या देऊन राह्यले.

जयमाला : थोडं हललं तर चालतं, जाकीरभाऊ. उलट बरंच, जंतूंना हवा मिळते. आत्याबाई, फक्त गार पडू देऊ नका. नळ्यांची पिशवी अंगाला लागून आहे ना?

गोजरबाई : हाय वं माय. लुगड्याच्या आत, पोटाले चिपकून. आधी पोटात वागवले, आता पोटावर वागवतो. साठी उलटल्यावर हेच पाहाचं राह्यलं होतं!

जाकीर : वैनी, एक इचारू का? सकाळी राजकुमार म्हणे, मायले अन् बायकोले नांदुऱ्याच्या स्टेशनवर सोडून दे, सामान नाजूक हाय, जपून ने. मले वाटलं लोणच्याच्या बरण्या असतील. अन् इथं तर बरणीबिरणी काहीच नाही. त्या नळ्यायमधी हाय काय?

गोजरबाई : सांग वं तूच. मले लाज वाटते.

जयमाला : आत्याबाईंच्या आतड्यातले जंतू आहेत.

जाकीर : काय?

गोजरबाई : घे! आता साऱ्या तालुक्यात सांगशील तू.

जयमाला : लाजायचं काय त्यात? भाऊ, मागं भंडाऱ्याच्या जेवणानं गाव आजारी पडलं होतं, आठवतं?

जाकीर : आठवते म्हणजे! तीन दिवस सलाईनवर होतो मी. आमच्या गल्लीत डबा घेऊन रांग लागली होती.

जयमाला : आणि आत्याबाईंना काही झालं होतं?

गोजरबाई : मले काय होते! मी तर वांग्याची भाजी दोनदा घेतली होती. जनम गेला खारं पाणी पिऊन, पोट दगडाचं झालं. तर ही पोट्टी सकाळी सकाळी हातात डबी घेऊन उभी. आत्याबाई, म्हणे, ह्याच्यात द्या. मी म्हटलं, काय देऊ? तर सांगते! मी दोन दिवस बोलली नाही हिच्याशी. सासूचं थे मागनारी सून कोनी पाह्यली का कुठं?

जाकीर : अन् देलं?

गोजरबाई : देलं मंग. रडकुंडीले आली होती. घरची सून हाय, करतो काय?

जयमाला : त्यातूनच हा जंतू वेगळा काढला मी. आतड्यातले जंतू एकमेकांना हाका मारतात, भाऊ. तोंडानं नाही, अंगातून एक पदार्थ सोडतात पाण्यात. एकट्यादुकट्याचा काही पत्ता लागत नाही. गर्दी वाढली की तो साचतो, मग सगळ्यांना कळतं की आपण पुष्कळ जण आहोत. मग मिळून कामाला लागतात. मला वाटतं, आत्याबाईंचे जंतू असेच एकजुटीनं बसलेत, बाहेरच्या रोगजंतूला पाय ठेवू देत नाहीत. पण वाटून काय होतं? आधी ते हाक मारतात एवढं तरी दाखवायला पाहिजे.

जाकीर : अन् थे आयकू कसं येते?

जयमाला : ऐकू नाही, दिसतं. समुद्रातला एक जंतू आहे, त्याला ही हाक पोचली की तो अंधारात निळा चमकतो. तो अमरावतीच्या लॅबमध्ये आहे, चमक मोजायचं मशीनही तिथंच. मी जेव्हा जेव्हा आत्याबाईंच्या जंतूचं पाणी नेलं, तेव्हा काही चमकलं नाही. माझे गाईड सर म्हणतात, हा मुका आहे. उद्या ते फ्रीजर साफ करणार. मुके म्हणून ठरलेले सगळे उकळून टाकणार.

गोजरबाई : अन् त्यायच्यासंगं हिचं बी उकळलं समज. सोमवारपासून शाळेत हजर व्हाचं. माह्या पोरानं बोलून ठेवलं तिथं. बारक्या पोरायले एबीसीडी शिकवाची.

जयमाला : ते मीच कबूल केलं, आत्याबाई. आज नाही चमकलं तर पीएचडी सोडते, असं मीच म्हणाले. ह्यांनी जबरदस्ती नाही केली.

गोजरबाई : नाही केली ना. रोज जेवताना "झालं का तुझं?" एवढंच इचारलं. त्याले काय जबरदस्ती म्हंते कोनी!

जाकीर : पण वैनी, इतके दिवस नाही बोलले तर आज काऊन बोलतील?

जयमाला : कारण आमचीच चूक होत होती. सगळे करतात तसं मी रात्री नळी लावायची आणि सकाळी उघडायची. जंतूंच्या पाण्यात आम्ही साखर घालतो, भाऊ, मोजून. ती असते तोवर ते भराभर वाढतात आणि हाक बाहेर सोडतात. साखर संपली की काय करतात माहितीय? बाहेर टाकलेली हाक पुन्हा आत ओढून घेतात. गिळून टाकतात. पहाटेच सगळं गिळून बसलेले असायचे, आणि मी सकाळी जाऊन बघणार.

जाकीर : म्हणजे पंगत उठल्यावर गेले तुम्ही, अन् आल्यावर सांगता की गावात कोणी वाढतच नाही!

जयमाला : अगदी तेच! एकदा घाईत मी मधल्याच वेळी नळी काढली होती. पुसटशी चमक होती त्यात. सर म्हणाले, काहीतरी गडबड झाली असेल तुझी. मला तेव्हापासून झोप नाही. आज मधलीच वेळ साधायची ठरवली, तर आपल्या कॉलेजची डीपी जळाली. वीज नाही, ऊब देणारी पेटी, इन्क्युबेटर, बंद. जंतूंना पोटाएवढी ऊब पाहिजे.

गोजरबाई : मी म्हटलं, पोटाएवढी पाहिजे तर पोट हाय ना! पेटी कशाले लागते? हिनं एक नळी सोताच्या कंबरेले बांधली, पन ही वाळकी काडी, हिच्या अंगात कुठली गरमी? तीन मी घेतल्या. पार अमरावतीलोक जातो मी हिच्यासंगं.

जाकीर : कसम से मावशी, असली पेटी साऱ्या विदर्भात नसन!

गोजरबाई : समोर पाहून चालव.

जाकीर : समोर… या अल्ला. वैनी, पाहा.

जयमाला : काय झालं? एवढ्या गाड्या कशाच्या?

जाकीर : जिनिंगच्या. कापूस घेऊन आले सारे. अन् थे ट्रॉली पलटी झालेली दिसते रोडवर. गठ्ठे पडून हायत. हटता हटत नाही आता हे.

जयमाला : मागं घ्या ना. दुसरा रस्ता नाही का?

जाकीर : मागं बी लागल्या गाड्या. हे आरशात पाहा. आता ना पुढं, ना मागं.

जयमाला : आणि ट्रेन?

जाकीर : थे गेली समजा. पुढची दुपारून हाय.

गोजरबाई : अरे, उतरून बोल ना त्यायले! म्हणा, आमच्यापाशी जीव हायत, जाऊ द्या!

जाकीर : मावशी, त्यायले काय सांगू? कोणाचा जीव?

जयमाला : थांबा. थांबा जरा. मला माझी नळी बघू द्या. भाऊ, तुमच्या काचेवर ते ७८६चं स्टिकर आहे ना, त्याच्यासमोर धरते. आरपार आकडे दिसतात का सांगा.

जाकीर : दिसून राह्यले. पण धुक्यातल्यावाणी.

जयमाला : म्हणजे ऐन वाढीत आहेत. हीच वेळ. ट्रेन मिळाली असती तर पोचेपर्यंत कशीबशी साधली असती, दुपारच्या गाडीनं तर सगळी साखर संपणार. आत्याबाई, तुमच्या तिन्ही द्या बघू.

गोजरबाई : राहू दे ना. गरम हायत चांगल्या.

जयमाला : द्या तर.

गोजरबाई : घे. पन एकदम रागावजो नको.

जयमाला : रागवू कशाला… आत्याबाई, हे पाणी तांबूस कसं दिसतंय? तिन्हींत? आणि तळाशी हे काय बसलंय?

गोजरबाई : काही नाही वं.

जयमाला : झाकणं उघडली होती तुम्ही?

गोजरबाई : उगी जराशी.

जयमाला : आत्याबाई!

गोजरबाई : गूळ हाय. बारीकसा खडा. एवढुसा, चिमटीतला.

जयमाला : गूळ?

गोजरबाई : अवो, पहिल्यांदा घरातून परगावी निघाले, अन् तोंड कोरडं? आपल्या घरून उन्हातान्हाचा पाहुना बी गूळपान्याबिगर गेला का कवा? तू परीक्षेले जाते तवा मी दही ठेवतो ना तुह्या हातावर? आज तर यायची परीक्षा होती. दही टाकलं असतं तर सांडलं असतं, म्हून गूळ टाकला.

जयमाला : तिन्ही नळ्यांत?

गोजरबाई : मंग! एकाले खाऊ घालाचं अन् दुसऱ्याले उपाशी ठेवाचं का? असं नाही केलं मी कवा.

जाकीर : वाह, मावशी!

जयमाला : हसू नका, भाऊ! हात न लावता, ज्योतीवर नळीचं तोंड शेकून, श्वास रोखून हे भरलं होतं मी. त्या गुळात दुसरे शंभर जंतू असतील. बोटांचे असतील, लुगड्याचे असतील. संपलं सगळं. काय करून बसलात तुम्ही, आत्याबाई! मला विचारायचं तरी!

गोजरबाई : बोल. पोटभर बोल. मी चुकली.

जयमाला : बोलायलाही वेळ नाही मला.

जाकीर : वैनी, सबूर. आता गूळ गोडच असते ना? तुम्हीच म्हटलं, गोड असन तोवर हाक राहते. मंग ह्या तीन नळ्या अमरावतीलोक बोलतच जातील! त्याच दाखवा. चमकल्या तर चमकल्या. कोणाले काय माहीत अंदर काय टाकलं?

गोजरबाई : खरंच वं. मी मरेलोक तोंड उघडनार नाही. ह्याले बी शपथ घालतो.

जाकीर : मले शपथेची गरज नाही. मी काही पाह्यलंच नाही.

जयमाला : नाही.

गोजरबाई : अवो, तुहं शिक्षण बुडून राह्यलं, सोमवार समोर उभा हाय, अन् नाही काय म्हंते?

जयमाला : आत्याबाई, समजा चमकलं. मग हाक कोणी मारली? तुमच्या पोटातल्या जंतूनं, का गुळासोबत आलेल्यानं? सरांना नसलं कळलं तरी मला कळेल ना. पुढं कामच त्याच्यावर उभं करायचं आहे. खोट्या पायावर किती दिवस उभी राहू? त्यापेक्षा शाळेत एबीसीडी बरी.

गोजरबाई : म्हणजे सोडलं तू?

जयमाला : कोण म्हणतं सोडलं? माझ्या कंबरेची नळी स्वच्छ आहे. तिच्यात गूळ नाही. तिच्यातली साखर अजून संपलेली नाही. मी ती इथंच गाळणार.

जाकीर : इथं? गाडीत?

जयमाला : इथंच. बॅगेत सिरिंज आहे, पुढं लावायची गाळणी आहे. इतकी बारीक की जंतूसुद्धा पलीकडे जात नाही. जंतू अडकतात, त्यांनी सोडलेली हाक पाण्याबरोबर खाली उतरते. मग गिळायला कोणी उरतच नाही. मग ट्रेन दुपारी मिळो, संध्याकाळी मिळो.

जाकीर : तर पहिलेच काऊन नाही गाळलं घरी?

जयमाला : घरी वेळ झाली नव्हती, भाऊ. तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. काचा वर करा. बाहेर नुसता कापूस उडतोय, एक तूस आत पडलं तरी गेलं. आणि मला ज्योत पाहिजे. लायटर द्या तुमचा.

जाकीर : माह्यापाशी कुठला लायटर? मी पीत नाही.

गोजरबाई : सीटखाली हाय. बसल्यापासून मले टोचून राह्यला.

जाकीर : थे… कोणी पॅसेंजर विसरला असन.

गोजरबाई : पेटव आता त्या पॅसेंजरचा.

जयमाला : असा धरा. नळीच्या तोंडाजवळ. ज्योत हलू देऊ नका. आत्याबाई, तुम्ही पदराचा आडोसा करा इकडून. बोलू नका कोणी, श्वास पडतो.

गोजरबाई : मी बो…

जयमाला : आत्याबाई!

जाकीर : वैनी, अंगठा भाजून राह्यला.

जयमाला : जरासंच. ओढून घेतलं सिरिंजमध्ये. आता गाळणी लावली. आता दाबते. जातंय… एक थेंब. दोन. जातंय.

जाकीर : हं.

जयमाला : अडकलं. घट्ट झालं एकदम. जंतू फार दाटलेत, गाळणी तुंबली. जोरानं दाबलं तर फाटेल, मग जंतूच खाली येतील. एका हातात नळी, एका हातात सिरिंज, बेतानं जोर लावताच येत नाही मला.

गोजरबाई : आन इकडं. नळीले नाही लावत वं, तुह्या मनगटाले लावतो. धरलं. आता हे हलनार नाही. दाब तू, सावकाश दाब. कोनी मागं लागलं नाही आपल्या. सारा रोड बंद हाय.

जयमाला : नाही जात हो.

गोजरबाई : जाते. दाब.

जयमाला : जरा… हां. जातंय. थेंब पडला. अजून एक. घट्ट धरा.

गोजरबाई : धरलंच हाय.

जयमाला : बास. बास, एवढं पुरे. झाकण लावलं. भाऊ, विझवा आता.

जाकीर : या अल्ला. अंगठा गेला माहा. हे एवढंच पाणी? चमचाभर बी नाही?

जयमाला : चमचाभर पुष्कळ झालं. स्टिकरसमोर धरून बघा.

जाकीर : ७८६ साफ दिसते. काहीच नाही ह्याच्यात.

जयमाला : जंतू एकही नाही. हाक असेल तर ह्याच्यातच आहे. आता ह्याला गार ठेवायचं. बर्फ मिळेल का कुठं जवळ?

जाकीर : पल्याड रसवंती हाय. पळत जातो. पैसे नका काढू, वैनी. लायटरचं घरी सांगू नका म्हणजे झालं.

गोजरबाई : गेला बाई पळत. जयमाला.

जयमाला : हं.

गोजरबाई : माह्या नळ्या फेकून दे मंग.

जयमाला : नाही फेकत. त्या पण गाळणार, वेगळ्या ठेवणार. वरती लिहिणार, सासूबाईंनी गूळ घातला म्हणून.

गोजरबाई : सरले सांगशील माहं नाव?

जयमाला : जे झालं ते सांगणार.

गोजरबाई : सांग. पन मायेनं टाकला होता, हे बी सांग. नाहीतर थे मानूस म्हनन, सासूनं मुद्दाम बिघडवलं.

जयमाला : आत्याबाई, मी मघाशी जोरात बोलले.

गोजरबाई : बोलनारच. तुह्या जागी मी असती तर सासूले गाडीतून उतरवून देलं असतं. डोळे पूस. जाकीर येऊन राह्यला बर्फ घेऊन, त्याच्यासमोर नको. अन् आता माह्या पोटाचं काही काम नाही ना? मंग मी ह्याच्याच गाडीत घरी जातो. तू जाय एकटी. तुले कशाले पाहिजे कोनी?

(त्याच दिवशी रात्री, फोनवर.)

जयमाला : हॅलो, आत्याबाई? ऐकू येतंय का?

गोजरबाई : येते येते. बोल. दिवा लावला तवापासून फोन हातात घेऊन बसली. चमकलं का?

जयमाला : गुळाच्या नळ्यांचं काही कळलं नाही. त्यांत भलतेच जंतू माजले होते, आकडे वेडेवाकडे आले. सरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, ह्या हिशेबात धरायच्याच नाहीत. मी म्हणाले, मी धरतच नव्हते.

गोजरबाई : मरू दे त्या. तुही सांग.

जयमाला : माझी आधी नुसतीच अंधारात बसली. मी मशीनसमोरून उठलेच नाही. सर म्हणाले, जा, चहा घे. मी नाही गेले.

गोजरबाई : अवो, जीव नको घेऊ.

जयमाला : चमकली, आत्याबाई.

गोजरबाई : खरं सांगते?

जयमाला : फार नाही. बारीकच. पण नुसत्या पाण्यापेक्षा नक्की जास्त. सरांनी स्वतः पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तेच.

गोजरबाई : म्हणजे मुकं नाही.

जयमाला : मुकं नाही.

गोजरबाई : माय वं.

जयमाला : पण सर म्हणतात, एकदा चमकलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. पुन्हा इथल्या मशीनवर, नीट, वेळेवर काढून तीनदा दाखव म्हणाले. साखर कमीजास्त करून, ऊब कमीजास्त करून. तोवर तुमचा जंतू फ्रीजरमध्येच राहील, फेकणार नाहीत. मला इथं थांबावं लागेल. किती दिवस ते सांगता येत नाही.

गोजरबाई : थांब मंग. इचारते काय?

जयमाला : सोमवारचं पण आहे ना. कबूल तर मीच केलं होतं.

गोजरबाई : नाही चमकलं तर सोडीन, असं कबूल केलं होतं. चमकलं ना? मंग झालं की.

जयमाला : तुम्ही जेवलात?

गोजरबाई : माहं सोड. कपडे हायत का तुह्यापाशी? थांब, जाकीर परवा अकोल्याले माल घेऊन जानार हाय, तिथून कोनाच्या हाती देता येते का इचारतो.

जयमाला : आणि हे आले का घरी?

गोजरबाई : हा काय, समोर बसला. हातपाय धुऊन ताटावर बसला, अन् "कवा येते?" म्हून इचारून राह्यला.

जयमाला : मी बोलू का त्यांच्याशी?

गोजरबाई : तू तुहं पाहाय. मीच सांगतो. राजकुमार, जेवून घे बाबा. थे कामावर हाय.